चेन्नईचे वार्तापत्र : वेपेरीची रांग

चेन्नई : मुंबईत परळचे बाई साकरबाई पेटिट रुग्णालय, तसे इथे वेपेरीचे सरकारी पशुवैद्यकीय रुग्णालय. ते चालवणारे महाविद्यालय १९०३ साली सैदापेटला सुरू झाले, १९०५ मध्ये वेपेरीला आले आणि १९३५ मध्ये मद्रास विद्यापीठाशी जोडले गेले. विद्यापीठाशी संलग्न झालेले हे देशातले पहिले पशुवैद्यकीय महाविद्यालय.

इथे आलेल्या प्राण्याचे वय आधी विचारतात. पिल्लू असेल तर सहा-आठ आठवड्यांपासून लसी, मग सोळाव्या आठवड्यापर्यंत तीन-चार आठवड्यांनी पुन्हा. आईकडून मिळालेली प्रतिकारशक्ती लस निष्प्रभ करते आणि ती नेमकी कधी ओसरेल, याचा भरवसा नसतो. म्हणूनच एका डोसवर थांबलेले पिल्लू पार्व्हो विषाणूला बळी पडू शकते. रेबीजची लस तिसऱ्या महिन्यानंतर.

तरण्या कुत्र्याला इथली हवा सोसत नाही. उकाडा आणि दमटपणा बारमाही, त्यामुळे गोचिडांनाही सुट्टी नाही. त्यांच्यामुळे ताप येतो, रक्तातल्या प्लेटलेट घसरतात. इथला मोठा पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबर असल्याने पावसात फैलावणाऱ्या लेप्टोस्पायरोसिसची लस आपल्यासारखी जूनच्या नव्हे, ऑक्टोबरच्या आधी उरकावी लागते. उतारवयात दात, हृदय आणि मूत्रपिंडे बघायची. म्हातारे मांजर सारखे पाणी पिऊ लागले की मालक उन्हाळ्याला बोल लावतो. दोष बहुधा मूत्रपिंडाचा असतो.

एवढी बडदास्त पाळीव प्राण्याची. रस्त्यावरच्या कुत्र्याच्या वाट्याला डॉक्टर बहुधा एकदाच येतो : नसबंदी, रेबीजची सुई, ओळखीसाठी कानाला छाट, आणि पुन्हा त्याच गल्लीत. मारण्याऐवजी नसबंदी हा मार्ग इथल्याच ‘ब्लू क्रॉस’ या संस्थेने १९६४ मध्ये धरला, केंद्राचे नियम २००१ मध्ये आले, २०२३ मध्ये सुधारले. महापालिकेच्या २०२४ च्या पाहणीत शहरात सुमारे १ लाख ८० हजार भटकी कुत्री आढळली.

नसबंदी एकदा केली की जन्माची. रेबीजची लस मात्र दरवर्षी लागते. २०२५ मध्ये महापालिकेने सरसकट लसीकरणाची मोहीम काढली. तिचे मोल पहिल्या वर्षीच्या आकड्यांवरून ठरणार नाही. त्याच कुत्र्याला पुढच्या वर्षी पुन्हा सुई मिळते का, यावर ठरेल.