दगड होण्याआधीचा क्षण

राक्षसांच्या गोष्टीत तलवारीचे फारसे भय नसते. तलवार दिसते, तिचा वार चुकवता येतो, निदान ढाल तरी पुढे करता येते. खरी धास्ती असते ती नजरेची. समोरच्याने बोटही उचललेले नाही, आपण फक्त त्याच्याकडे पाहिले, आणि संपले! पाहणे हाच जिथे अपराध ठरतो, ती लढाई लढायची कशी? ग्रीक पुराणातल्या मेड्युसाने हा पेच टाकला. केसांच्या जागी सळसळणारे साप, आणि मुखाकडे पाहणारा जागच्या जागी शिळा. पर्सियसने तिला झोपेत गाठले आणि ढालीत पडलेल्या प्रतिबिंबाकडे पाहत तिचे शिर उतरवले. हाच पेच जगभरची मुले आणि मुलांइतकीच उत्साही मोठी माणसे गेली पन्नास वर्षे टेबलाभोवती बसून, फासे टाकून सोडवीत आहेत.

या खेळाचे नाव ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोन अमेरिकनांनी तो 1974 साली बाजारात आणला. यात सोंगट्या-पट असलेच पाहिजेत असे नाही. एकजण गोष्ट सांगतो, त्याला ‘डंजन मास्टर’ म्हणतात. आपण त्याला सूत्रधार म्हणू. बाकीचे त्या गोष्टीतली पात्रे होतात. कुणी योद्धा, कुणी चेटकी, कुणी चोर. काय करायचे ते खेळाडूने ठरवायचे. ते साधले की नाही, हे बहुधा वीस बाजूंच्या फाशाने सांगायचे. हरणे-जिंकणे असे काही नाही. आपले पात्र जगवायचे आणि गोष्ट पुढे न्यायची.

पहिल्या नियमपुस्तकातच संकटातून निसटण्यासाठी टाकायच्या फाशाचे पाच प्रकार होते आणि त्यांतला एक खास दगड होण्यासाठी राखलेला होता! म्हणजे कर्त्यांनाही हे संकट नित्याचे वाटत होते. पण फासा फिरला की खेळ आटोपला. महिनोन्‌महिने जपलेले पात्र एका फाशात पुतळा.

याचा अर्थ काय, हे मी नातवाच्या मित्रमंडळींत पाहिले आहे. एका पावसाळी दुपारी आमच्या दिवाणखान्यात त्यांचा डाव रंगला होता. सूत्रधार मुलाने जाहीर केले, ‘‘तू दार उघडलंस, समोर मेड्युसा. टाक फासा.’’ त्या मुलीला चार पडले. झाले! पुढचा दीड तास ती चिवड्याच्या बशीतले शेंगदाणे वेचत बसली. पात्र दगड झाले होते आणि त्याच्याबरोबर खेळाडूही. तिची तक्रार हरण्याची नव्हतीच. ती एवढेच म्हणाली, ‘‘मला विचारलंच नाही, मी बघणार होते का ते!’’

नियम करणाऱ्यांनाही हे उमगले असावे. 2000 साली आलेल्या तिसऱ्या आवृत्तीत पाहण्याला चक्क भाव लावलेला आहे. नजर टाळलीत, तर निम्म्या वेळा फासा टाकावाच लागत नाही. पण तुमचे वार शंभरातले वीस वाया जाण्याची शक्यता. डोळे घट्ट मिटलेत किंवा पाठ फिरवलीत, तर दगड होण्याची भीतीच नाही. मात्र निम्मे वार हवेत. 2014 च्या पाचव्या आवृत्तीने आणखी एक सवलत दिली. मेड्युसापासून तीस फुटांच्या आत तुमची खेळी सुरू झाली, की आधी नजर वळवायची मुभा. वळवलीत, तर तुमच्या पुढच्या खेळीपर्यंत ती तुम्हाला दिसणार नाही आणि तुम्ही अंधारात तलवार फिरवाल. पाहिलेत, तर फाशाची आणि अंगच्या काटकपणाची बेरीज चौदा व्हायला हवी. ती नऊ किंवा त्याखाली राहिली, तर तत्काळ शिळा. दहा ते तेरा असेल, तर अंग आखडू लागते, पाय जखडतात. पण पुढच्या खेळीच्या शेवटी आणखी एक संधी मिळते. दगड होण्याआधीचा हा क्षण मला या नियमातला सगळ्यात माणुसकीचा भाग वाटतो. तेवढ्यात एखादा मित्र तिला आरसा दाखवू शकतो. उजेडात स्वतःचे प्रतिबिंब दिसले, तर तीही आपल्याच नजरेची शिकार होते. पर्सियसने आरशाचा उपयोग फक्त पाहण्यासाठी केला; या खेळाने त्याचे हत्यार केले.

तरीही नियम काही सगळे काम करीत नाहीत. उरलेले सूत्रधाराने करायचे. मेड्युसा अचानक दारामागे उभी करू नये. आधी अंगणात पुतळे दिसू द्यावेत. एकाचा हात तोंडावर, दुसरा पळता पळता थिजलेला, आणि कुठेही छिन्नीची खूण नाही. शहाण्या खेळाडूला एवढे पुरते. तो थांबतो, फडके शोधतो, पितळी ताट घासायला घेतो. मग प्रत्येकाला त्याच्या खेळीला स्पष्ट विचारावे: पाहतोस की नजर वळवतोस? त्यानंतर जे होईल ते त्याचे स्वतःचे.

आणि एवढे करूनही कोणी दगड झालाच, तर? पाचव्या आवृत्तीनुसार त्याचे वजन दहापट होते आणि वय वाढणे थांबते. सत्तर किलोचा गडी सातशे किलोचा! त्याला जिवंत करणारा मंत्र बराच मुरलेला पुरोहित म्हणू शकतो आणि त्यासाठी शंभर सुवर्णमुद्रांची हिऱ्याची पूड लागते. म्हणजे गाडी जुंपा, मित्राला लादा, पुरोहित शोधा. हुशार सूत्रधार इथे गोष्ट थांबवत नाही, नवी सुरू करतो. शेंगदाणे वेचणाऱ्या मुलीच्या हाती तो गाडीवानाचे पात्र देतो.

नजरेचे सामर्थ्य आपल्याला नवीन नाही. स्त्रीपर्वात गांधारीच्या पट्टीखालून निसटलेली नजर युधिष्ठिराच्या पायाच्या नखांवर पडली आणि ती विद्रूप झाली. फरक एवढाच, की या खेळात पट्टी बांधणाऱ्याला वाचवते. गांधारीची पट्टी समोरच्याला वाचवीत होती.

बँकेतल्या माझ्या नोकरीत साप नव्हते, पण थकलेल्या कर्जांच्या फायली होत्या. काही अधिकारी त्या उघडतच नसत. ते सुरक्षित असत, पण त्यांचे सगळे वार हवेत जात. काही आकड्यांकडे इतके एकटक पाहत, की जागीच थिजत, निर्णयच होईना. निभावले ते ढालीत पाहणारे. ते तपासणी अहवालातून, शेजारच्या दुकानदाराशी बोलून, आडून का होईना, कर्जदाराचा चेहरा नीट पाहून घेत आणि मग घाव घालीत.

म्हणून रविवारी घरातली मुले फासे घेऊन बसली आणि ‘‘मी डोळे मिटतो,’’ असे कोणी ओरडले, तर त्याला भित्रा म्हणू नका. भीतीची किंमत त्याने मोजून पाहिली आहे आणि ती द्यायला तो तयार आहे. सूत्रधाराने त्याला आधी विचारले होते ना, एवढे मात्र बघा.