फाइल तुकड्यांत आली? आधी सगळे तुकडे गोळा करा

समजा, गोंदियाच्या स्टुडिओने लग्नाचे शूटिंग देवरीला पाठवले आणि मोबाइलवर आल्या चार फाइल. नावाच्या शेवटी 'पार्ट१', 'पार्ट२' किंवा '००१', '००२'. एक उघडली, तर 'फाइल खराब आहे' असा संदेश. बहुतेक वेळा फाइल खराब नसते, एखादा तुकडा यायचा राहिलेला असतो.

जीमेलवर २५ एमबीपेक्षा मोठी फाइल थेट जोडता येत नाही, 'फॅट३२' पद्धतीच्या पेनड्राइव्हवर ४ जीबीची एक फाइल मावत नाही. म्हणून हे तुकडे. ते सगळे एकाच फोल्डरमध्ये ठेवा आणि पहिला उघडा. पुढचे ॲप स्वतःच शोधते. झिपमध्ये मात्र उलटे. 'झेड०१', 'झेड०२' असतील, तर साध्या 'झिप' नावाची फाइल उघडायची. खरे तर तो शेवटचा तुकडा. नावे बदलू नका. दुसऱ्यांदा डाउनलोड केल्यावर नावात कंसातला १ घुसतो, तेवढ्यानेही साखळी तुटते. फोनमध्ये साधारण दुप्पट जागा हवी, हेही लक्षात असू द्या.

पासवर्ड असलेली फाइल अँटिव्हायरसला आतून तपासता येत नाही; अनोळखी नंबरवरून पासवर्डसकट आली, तर उघडूच नका. व्हिडिओऐवजी आतून 'एपीके' निघाली, तर ती इन्स्टॉल न करता डिलीट करा. संगणकावर विनरार वापरत असाल, तर आवृत्ती पाहा. २०२५ मध्ये त्यात सापडलेल्या त्रुटीमुळे फसवी फाइल नुसती सोडवली तरी घातक प्रोग्राम विंडोजच्या स्टार्टअप फोल्डरमध्ये जाऊन बसू शकत होता. ७.१३ आवृत्तीत ती दुरुस्त झाली, पण विनरार आपोआप अपडेट होत नाही. पैसे गेलेच, तर लगेच १९३० वर फोन करा.