'सनई' या शब्दाची यात्रा

मंगलकार्याच्या दारीं वाजते ती सनई, हें आपणांस सांगावयास नको. कल्याणपलीकडे आंबिवलीस एखाद्या घरीं मांडव पडावा आणि सनईचा सूर कानीं यावा, कीं कार्य कसलें हें विचारण्याचें कारण उरत नाहीं. इतका घरचा वाटणारा हा शब्द मात्र दूरदेशींचा आहे.

फारसींत 'नाय' म्हणजे वेळूची नळी. तिच्यामागें 'सूर' हा शब्द लागून 'सुरनाय' झाली. हा 'सूर' म्हणजे आपला स्वर नव्हे; त्याचा अर्थ सामान्यतः मेजवानी किंवा उत्सव असा सांगतात. तुर्कांनीं या शब्दाचें 'झुर्ना' केलें, चिनी लोकांनीं 'सुओना'. हिंदुस्थानींत 'शहनाई' असें रूप रूढ झालें, तेव्हां कोणी त्यांत 'शाह' पाहिला, तर कोणी 'नाई' म्हणजे न्हावी पाहून बादशहाच्या न्हाव्याची दंतकथा रचिली. मराठी 'सनई'त शाहही उरला नाहीं आणि मेजवानीही उरली नाहीं. गंमत अशी कीं, एकच स्वर अखंड धरणाऱ्या साथीच्या वाद्यास आपण 'सूर' म्हणतों. पण तो संस्कृत 'स्वर' शब्दापासून आलेला!

आतां फ्रान्सच्या पश्चिम टोकास ब्रिटनी प्रांतांत चला. तेथील ब्रेटन लोकांच्या लग्नांत दुहेरी पात्याचें, सनईच्याच जातीचें एक लांकडी वाद्य वाजतें. त्याचें नांव 'बोंबार्ड'. साथीस 'बिनियू' असतें. हवेची पिशवी काखेंत दाबून तें वाजवितात, म्हणून बोंबार्डवाला दम घेईपर्यंत नाद तुटत नाहीं. फ्रेंच भाषेंत 'बोंबार्ड' म्हणजे जुन्या काळची तोफही. दोहोंच्या मुळाशीं लॅटिन 'बोंबुस', अर्थात् घुमणारा नाद, असल्याचें मानतात. आपल्या 'बोंब' शब्दाशीं त्याचें नातें जोडण्याचा मोह होईल, पण नादाच्या अनुकरणांतून निरनिराळ्या भाषांत सारखे शब्द स्वतंत्रपणेंही उपजतात.

तात्पर्य, वाद्य एकाच जातीचें असलें तरी कोणास त्यांत उत्सव दिसला, कोणास बादशहा, कोणास नुसता नाद. आपण त्याचा अर्थ 'मंगल' असा केला. स्वातंत्र्याच्या वेळीं, १९४७ सालीं, दिल्लींत उस्ताद बिस्मिल्ला खां यांची शहनाई वाजली, ती याच अर्थानें. हा अर्थ कोशानें दिलेला नाहीं. पिढ्यान्‌पिढ्या वादकांनीं आपल्या दमानें तो टिकविला आहे. आज पुष्कळ मांडवांत ध्वनिमुद्रित सनई लावितात. तेथें सूर धरणाऱ्या साथीदारास कामच उरत नाहीं. घरीं पुढचें कार्य निघेल, तेव्हां यंत्र आणण्यापूर्वीं एखाद्या वादकास सुपारी देतां येते कां, एवढें अवश्य पाहावें.