परदेशगमन आणि भविष्यनिर्वाह निधीवरील कर

आमच्या तरुणपणी घरातील मुलगा नोकरीनिमित्त बाहेर पडला म्हणजे तो हुबळीस, पुण्यास किंवा फार तर मुंबईस जाई. आता आपल्या समाजातील मुलेमुली जर्मनी, कॅनडा, अमेरिका, ऑस्ट्रेलिया अशा दूरदेशी जाऊ लागली आहेत, ही अभिमानाची गोष्ट होय. मुलगा निघतेवेळी त्याच्याबरोबर खाकरे किती द्यावेत, मेतकूट किती द्यावे, याचा विचार घरातील सर्व मंडळी करतात. परंतु येथील नोकरीत त्याने जमविलेल्या निधीची व्यवस्था काय, हा प्रश्न तिकीट हाती पडल्यावरच आठवतो. या विस्मरणाचा भुर्दंड आमच्या घरास भरावा लागला. इतर सभासद बंधूंवर तो प्रसंग येऊ नये, एवढ्याच हेतूने हे टिपण लिहीत आहे.

ज्यांच्या पेढीत वीस किंवा अधिक नोकर आहेत, त्या सभासदांस १९५२ ची कर्मचारी भविष्यनिर्वाह निधी योजना परिचित आहेच. नोकराच्या मूळ पगारातून सामान्यतः शेकडा बारा कापून घ्यावयाचे आणि तेवढीच रक्कम मालकाने घालावयाची, असा तिचा प्रघात आहे. मालकाच्या हिश्शातून पात्र नोकरांसाठी काही भाग निवृत्तिवेतनाकडे वळतो. बाकी निधीत साठतो. त्यावर २०२४-२५ सालाकरिता ८.२५ टक्के व्याज जाहीर झाले होते. हिंदुस्थान सोडून कायमचे वास्तव्य किंवा नोकरी करण्यासाठी परदेशी जाणाऱ्यास सर्व शिल्लक उचलण्याची मुभा या योजनेने दिली.

येथेच पुष्कळांची गफलत होते. पैसे उचलण्याची मुभा मिळाली म्हणजे करही माफ झाला, असे ते समजतात. वास्तविक या दोन गोष्टी निरनिराळ्या आहेत. मुभा निधीच्या योजनेने दिली. कर प्राप्तिकराचा कायदा ठरवितो, आणि तो कायदा मुख्यतः एकच प्रश्न विचारतो : सलग सेवेची पाच वर्षे पुरी झाली काय? झाली असल्यास उचललेल्या शिलकेवर साधारणतः कर नाही. झाली नसल्यास कर द्यावा लागतो. आजारपणामुळे, मालकाचा धंदा बंद पडल्यामुळे किंवा नोकराच्या हाती नसलेल्या अन्य कारणामुळे नोकरी सुटली, तर पाच वर्षांची अट आड येत नाही. परंतु स्वेच्छेने परदेशी जाणे हे काही नोकराच्या हाताबाहेरचे कारण नव्हे.

पाच वर्षांच्या आत रक्कम उचलली म्हणजे तो निधी मान्यताप्राप्त नव्हताच असे धरून मागील वर्षांचा हिशेब पुन्हा मांडला जातो. मालकाचा हिस्सा व त्यावरील व्याज पगारात धरले जाते. नोकराच्या स्वतःच्या हिश्शावरील व्याज अन्य उत्पन्नात जाते. आणि स्वतःच्या हिश्शावर पूर्वी करसवलत घेतली असल्यास तीही परत द्यावी लागते. शिवाय रक्कम पन्नास हजार किंवा अधिक असल्यास निधीचे कार्यालय देतानाच दहा टक्के कर कापून ठेवते. पॅन क्रमांक दिलेला नसेल, तर १ एप्रिल २०२३ पासून ही कपात वीस टक्क्यांची झाली.

आता आमच्या घरची हकीकत सांगतो. माझ्या भाच्याचा मुलगा पुण्यात अभियंता होता. पहिल्या कंपनीत त्याने दोन वर्षे दहा महिने काढले आणि दुसरीत दोन वर्षे नऊ महिने. एकूण सेवा पाच वर्षे सात महिने भरली. पुढे जर्मनीत नोकरी मिळाली. पहिल्या कंपनीतील निधी दुसरीच्या खात्यात वर्ग करण्याचा अर्ज “सावकाश करू” म्हणून राहूनच गेला होता. निघण्याच्या गडबडीत त्याने दोन्ही खाती वेगवेगळी बंद केली. प्रत्येक खात्यावरील सेवा तीन वर्षांच्याही आतील ठरली आणि दोन्हींवर कर बसला.

हिशेब सोपा व्हावा म्हणून मूळ पगार सर्व काळ चाळीस हजार धरू आणि मालकाचा सर्व हिस्सा निधीतच जात होता असे समजू. दोघांचे मिळून दरमहा ९,६०० रुपये. सदुसष्ट महिन्यांचे ६,४३,२०० रुपये, तेही व्याज सोडून. यातून दहा टक्के म्हणजे ६४,३२० रुपये देतानाच कापले गेले. कापलेला कर हा अखेरचा कर नसतो, तेव्हा विवरणपत्र भरताना पुन्हा मांडणी करावी लागली. पहिला निधी वेळेवर वर्ग केला असता, तर मागील सेवा पुढील सेवेस जोडली जाऊन सर्व रक्कम करमुक्त झाली असती. एका अर्जाचा आळस एवढा महाग पडला.

एक गोष्ट ध्यानात ठेवावी. मोजावयाची ती सेवेची वर्षे, खात्याच्या वयाची नव्हेत. चार वर्षे आठ महिने नोकरी करून परदेशी गेलेल्याने खाते तसेच ठेवले, म्हणून उरलेले चार महिने आपोआप भरून निघत नाहीत. शक्य असेल तर तेवढे महिने नोकरीत राहूनच निघावे.

याच्या उलट चूकही होते. काही जण खाते विसरूनच जातात. कायमचे परदेशी गेलेल्या सभासदाने छत्तीस महिन्यांत मागणी केली नाही, तर त्याचे खाते निष्क्रिय ठरते व व्याज थांबते, असा नियम २०१६ साली झाला. शिवाय नोकरी सुटल्यानंतर जमलेल्या व्याजावर कर लागतो, असा निर्णय बंगळूरच्या प्राप्तिकर अपील न्यायाधिकरणाने २०१७ मध्ये दिला. धान्य कोठारातून अवेळी काढले तर भाव मिळत नाही आणि फार दिवस ठेवले तर कीड लागते, हे आपणा व्यापाऱ्यांस कोणी शिकवावयास नको.

ज्यांचा स्वतःचा धंदा आहे, त्यांच्या घरी बहुधा सार्वजनिक भविष्यनिर्वाह निधीचे, म्हणजे पीपीएफचे, खाते असते. २०१९ च्या योजनेप्रमाणे खातेदार अनिवासी झाल्यास पाच वर्षांनंतर ते मुदतीपूर्वी बंद करता येते. मात्र व्याज एक टक्का कमी पडते. येथे त्यावर कर नाही. पंधरा वर्षांची मुदत संपेपर्यंत ठेवता येते, पण अनिवासी झाल्यावर मुदत वाढवून मिळत नाही.

तेव्हा घरातील मुलाने परदेशी जाण्याचा बेत ठरविताच, तिकिटापूर्वी, पुढील गोष्टी पाहाव्यात. जुन्या सर्व नोकऱ्यांची खाती एकात वर्ग झाली आहेत काय? पाच वर्षे भरावयास किती महिने उरले? आधार, पॅन व बँकेचा तपशील खात्याशी जुळतो काय? ज्या मोबाइलवर सांकेतिक अंक येतो, तो क्रमांक परदेशी गेल्यावर चालू राहील काय? अनिवासी झाल्यावर बँकेतील साधे बचत खाते एनआरओ प्रकारात बदलून घ्यावे लागते. त्यातून कर भरल्यावर एका आर्थिक वर्षात दहा लाख डॉलरपर्यंत रक्कम बाहेर नेता येते. ज्या देशात जावयाचे तेथील कायदाही विचारून घ्यावा. अमेरिका आपल्या रहिवाशाच्या जगभरातील उत्पन्नावर कर आकारते, म्हणून तेथे रहिवासी ठरण्यापूर्वी रक्कम उचलावी की नंतर, याचा विचार आधीच करावा.

१९६१ च्या प्राप्तिकर कायद्याची जागा घेण्यासाठी संसदेने २०२५ चा नवा कायदा केला आणि त्याच्या अंमलासाठी १ एप्रिल २०२६ हा दिवस ठरविला. कलमांचे क्रमांक त्यात बदलले, पाच वर्षांचे तत्त्व कायम राहिले. तरीही रक्कम उचलण्यापूर्वी आपल्या सनदी लेखापालास अवश्य विचारावे; त्याची फी भुर्दंडापेक्षा कमीच असते.

सरकारचा न्याय्य कर चुकवावा, असे मी कदापि सांगणार नाही. अचौर्याचे व्रत आपल्या घरांत जन्मापासून शिकविले जाते. परंतु कायद्याने माफ केलेला कर केवळ अज्ञानाने भरणे, हाही कष्टाच्या द्रव्याचा अपव्ययच होय. मुलांनी दूरदेशी सुखाने जावे. मात्र येथील खातेवही नीट मिटवून जावे, एवढीच एका वृद्ध व्यापाऱ्याची इच्छा आहे.

जय जिनेंद्र.