गटावर गप्प झालेला मित्र

महाविद्यालय सोडून पन्नास-पंचावन्न वर्षे लोटली, की वर्गमित्रांच्या बातम्यांचा रंग पालटतो. पूर्वी नोकरी, बदली, मुलांची लग्ने असत. आता गुडघ्याची शस्त्रक्रिया, मोतीबिंदू, परदेशातील नातवंडे आणि अधूनमधून श्रद्धांजली. घरातील तरुण मंडळी ज्येष्ठांच्या या व्हॉट्सॲप गटांना हसतात. सकाळच्या फुलांच्या चित्रांमुळे ते स्वाभाविकही आहे.

अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठात १९३८ साली विद्यार्थ्यांच्या प्रकृतीचा एक अभ्यास सुरू झाला. त्यात निवडलेल्या २६८ जणांची हकीकत संशोधक त्यांच्या वार्धक्यापर्यंत विचारीत राहिले. पन्नाशीत ज्यांचे नातेसंबंध समाधानाचे होते, ते ऐंशीव्या वर्षी अधिक निरोगी आढळले. कोलेस्टेरॉलच्या आकड्यापेक्षा ही खूण अधिक बोलकी ठरली. अर्थात, ज्याची प्रकृती बरी त्याला मैत्री टिकवणेही सोपे जाते, हे विसरू नये.

अशा गटाचा मोठा उपयोग म्हणजे कोण बोलेनासा झाला, हे तेथे लवकर ध्यानात येते. रोज कोडे घालणारा आठवडाभर गप्प असतो. कुणाचा जोडीदार गेलेला असतो, तर कुणी ऐकू कमी येऊ लागल्याने फोन टाळतो. कुणी विचारलेलाच प्रश्न पुनःपुन्हा विचारतो आणि त्याची थट्टा होते. ही स्मृतिभ्रंशाची सुरुवात असू शकते. पण थायरॉइडचा विकार, बी-१२ जीवनसत्त्वाची उणीव किंवा एखाद्या औषधाचा परिणामही असू शकतो, आणि त्यांवर उपचार आहेत. म्हणून थट्टा न करता त्याच्या घरी हळूच सांगावे.

गप्प झालेल्यास संदेश न पाठवता फोनच करावा. ‘कसा आहेस?’ या प्रश्नाला ‘मजेत’ हेच उत्तर ठरलेले. ‘अरे, आज जेवलास काय? रात्री झोप लागते का?’ असे विचारले, तर माणूस बोलू लागतो. या वयात आपल्याला ‘अरे’ म्हणणारे तरी कितीसे उरलेले असतात! जगणे नकोसे झाल्याची भाषा ऐकू आली, तर त्याला एकटे न सोडता कुटुंबीयांना लगेच कळवावे; शासनाच्या ‘टेलि-मानस’ सेवेचा १४४१६ हा क्रमांक विनामूल्य आहे.

मित्राला लागू पडलेली गोळी मात्र डॉक्टरांना विचारल्याविना घेऊ नये. आणि प्रत्येकाच्या घरातील एका व्यक्तीचा क्रमांक गटातील कोणीतरी वहीत लिहून ठेवावा. फोन उचलला गेला नाही, तर पुढे कोणाला विचारायचे हे तरी ठाऊक असते.