शब्दांची अदलाबदल

कवीचं निम्मं आयुष्य शब्दांच्या जागा बदलण्यात जातं. संगणकही हे काम करतो. मात्र त्याला शब्दाचा अर्थ कळत नाही, आकार तेवढा कळतो.

समजा, कवींच्या नावांची एक फाइल आहे. प्रत्येक ओळीत आधी आडनाव, मग स्वल्पविराम, मग नाव. ‘पाडगावकर, मंगेश’, ‘शेख, अमर’. आपल्याला हवंय ‘मंगेश पाडगावकर’, ‘अमर शेख’. शेकडो ओळी हातानं बदलायच्या म्हणजे डोळे फुटायची वेळ! इथं ‘सेड’ नावाची आज्ञा कामी येते. अमेरिकेच्या बेल प्रयोगशाळेत ली मॅकमहॉन यांनी ती १९७३-७४ च्या सुमारास लिहिली. आजही ती वापरात आहे.

सेड फाइल ओळीओळीनं वाचते. तिला सांगायचं, स्वल्पविरामाच्या आधीचं पहिल्या कप्प्यात ठेव, नंतरचं दुसऱ्यात. मग दुसरा कप्पा आधी लिही, पहिला नंतर. झालं काम! मात्र ‘काहीही चालेल’ ही खूण मोठी हावरट. ओळीत दोन स्वल्पविराम असले तर ती थेट दुसऱ्यापर्यंत सगळं गिळते. म्हणून ‘स्वल्पविराम सोडून काहीही’ असं बजावावं लागतं. शिवाय वेगळं सांगितलं नाही तर सेड मूळ फाइलला हात लावत नाही, उत्तर पडद्यावर दाखवते. ते नव्या फाइलीत साठवावं आणि दोन्ही ताडून पाहावं.

‘केशवसुत’ या ओळीत स्वल्पविरामच नाही. आकार जुळला नाही, म्हणून ओळ जशीच्या तशी राहते.

आता श्रीगोंद्याचे संतकवी, ‘योगसंग्राम’कार शेख महंमद घ्या. आमच्यात शेख, सय्यद हे शब्द कधी नावाच्या पुढे येतात, कधी मागे. यादी ‘नीट’ करताना कुणी सरसकट पहिल्या शब्दानंतर स्वल्पविराम दिला, तर सेड इमानेइतबारे ‘महंमद शेख’ लिहून मोकळी होईल. चारशे वर्षं मराठीनं ज्या नावानं त्यांना ओळखलं, ते नाव सूचीत सापडणार नाही. यात सेडचा काय दोष? स्वल्पविराम कुठं द्यायचा, हे माणसानं ठरवायचं असतं. त्यासाठी आज्ञा देण्याआधी यादी एकदा सावकाश वाचावी. नाव ज्याचं, त्याला तेवढा मान द्यायलाच हवा.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)