मानसशास्त्राचे पदव्युत्तर शिक्षण : निवड कशी करावी?

मानसशास्त्रात एम. ए. करू इच्छिणारे विद्यार्थी आता तालुक्याच्या गावीही भेटतात. का, असे विचारले तर बहुतेकांचे उत्तर एकच असते : लोकांना मदत करायची आहे. हेतू चांगलाच आहे. परंतु मदत करण्याच्या वाटा अनेक आहेत आणि त्या प्रवेश-अर्ज भरतानाच वेगळ्या होतात. वाट चुकली तर ते दोन वर्षांनी, घरचा पैसा खर्च झाल्यावर कळते. असा विद्यार्थी सल्ल्यासाठी प्रथम आपल्याकडे, म्हणजे शिक्षकांकडेच येतो. म्हणून या वाटा आपणच आधी समजून घेऊ.

तीन व्यवसाय, तीन वाटा

मनोविकारतज्ज्ञ हा डॉक्टर असतो. एम. बी. बी. एस. नंतर तो मनोविकारशास्त्राचे पदव्युत्तर शिक्षण घेतो आणि औषधे देऊ शकतो. मानसशास्त्रात एम. ए. करून ही वाट मिळत नाही.

चिकित्सा मानसशास्त्रज्ञ मानसिक आजारांचे आणि मतिमंदत्वासारख्या अडचणींचे मूल्यमापन करतो व बोलण्यातून, वर्तनातून उपचार करतो. १९९२ च्या भारतीय पुनर्वास परिषद कायद्यानुसार त्याला या परिषदेकडे नोंदणी करावी लागते. नोंदणीशिवाय हा व्यवसाय केल्यास एक वर्षापर्यंत कैद किंवा एक हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा कायद्यात आहे. नुसती एम. ए. ची पदवी, मग तिच्यावर ‘चिकित्सा’ हा शब्द छापलेला का असेना, नोंदणीला पुरेलच असे नाही. तो अभ्यासक्रम परिषदेने मान्य केलेला असावा लागतो.

तिसरी वाट समुपदेशनाची. शाळा, महाविद्यालये, कारखाने, रुग्णालये येथे समुपदेशक काम करतात. याखेरीज औद्योगिक मानसशास्त्र, संशोधन आणि अध्यापन हे मार्ग आहेतच. अध्यापनासाठी नेट किंवा सेट परीक्षा आणि पीएच. डी. यांचा विचार आधीपासून करावा लागतो.

देखरेखीखालच्या कामाला एवढे महत्त्व का?

आपल्या वर्गातले उदाहरण घेऊ. चौथीतल्या एका मुलाला वाचता येत नाही. त्याची बुद्धिमापन चाचणी घेतली आणि बुद्ध्यंक ९५ आला. आता या आकड्याचे काय करायचे? बहुतेक चाचण्यांत सरासरी १०० आणि प्रमाण विचलन १५ धरलेले असते. म्हणजे शंभरातली सुमारे ६८ मुले ८५ ते ११५ यांच्या दरम्यान येतात. हा मुलगा त्यांतलाच. पण कोणतीही चाचणी अचूक नसते. चाचणीची विश्वसनीयता ०.९१ असेल तर तिच्या गुणांतली प्रमाण त्रुटी साडेचार येते. म्हणजे ९५ चा अर्थ ‘बहुधा ८६ ते १०४ यांच्या दरम्यान कुठेतरी’ असा होतो.

वाचता न येण्याचे कारण मात्र या आकड्यात नाही. ते डोळ्यांत असेल, कानांत असेल, घरच्या वेगळ्या बोलीत असेल, भीतीत असेल किंवा खरोखरच अध्ययन-अक्षमतेत असेल. शिवाय चाचणी कोणत्या मुलांवर प्रमाणित केली होती हेही पाहावे लागते. डॉ. व्ही. व्ही. कामत यांनी बिने यांच्या चाचणीचे मराठी आणि कानडी मुलांसाठी रूपांतर केले ते याच गरजेतून. नुसते भाषांतर करून भागत नाही. इथल्या मुलांवर ती चाचणी पडताळून पाहावी लागते.

एवढा विवेक पुस्तक वाचून येत नाही. जाणत्या माणसाच्या देखरेखीखाली अनेक मुले तपासावी लागतात आणि आपले निष्कर्ष त्याच्याकडून दुरुस्त करून घ्यावे लागतात. अर्धवट शिकलेल्या माणसाने दिलेला शेरा मुलाला वर्षानुवर्षे चिकटून राहतो.

गणित नको म्हणून मानसशास्त्र घेणाऱ्यांनाही हे उदाहरण सांगावे. संख्याशास्त्र इथे टळत नाही.

प्रवेशापूर्वी विचारायचे प्रश्न

पहिला प्रश्न : या पदवीनंतर कोणते काम करता येईल आणि त्यासाठी नोंदणी लागते का? लागत असेल तर त्या वर्षीच्या मान्यताप्राप्त संस्थांच्या यादीत ही संस्था आहे का? दुसरा : प्रात्यक्षिक कोठे होते? कोणत्या रुग्णालयात वा शाळेत, किती तास आणि कोणाच्या देखरेखीखाली? तिसरा : शिकवणारे प्राध्यापक कायम आहेत का आणि त्यांचे स्वतःचे काम कोणत्या शाखेत आहे? चौथा : प्रबंध लिहावा लागतो का? पाचवा : फी, वसतिगृह आणि पुढच्या प्रशिक्षणाची वर्षे धरून एकूण खर्च किती? शक्य असेल तर याच अभ्यासक्रमातून बाहेर पडलेल्या दोघा-तिघांना भेटून ते आज काय करतात हे विचारावे. माहितीपत्रकात जे नसते ते तिथे कळते.

नियम बदलले आहेत

चिकित्सा मानसशास्त्रज्ञ होण्याची प्रचलित वाट एम. ए. आणि त्यानंतर दोन वर्षांचे एम. फिल. अशी होती. बंगळूरची निम्हान्स आणि रांचीची केंद्रीय मनश्चिकित्सा संस्था या प्रशिक्षणासाठी प्रसिद्ध. परंतु विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२ च्या नियमांनी एम. फिल. पदवी बंद केली आणि या विषयापुरती तिला २०२५-२६ या शैक्षणिक वर्षापर्यंत मुदत दिली. २०२१ साली आरोग्य-व्यवसायांसाठी एक नवा राष्ट्रीय आयोग स्थापण्याचा कायदा झाला. त्यात इतर मानसशास्त्रज्ञांचाही समावेश आहे. त्याच्या आधारे २०२५ च्या जुलै-ऑगस्ट सत्रापासून मानसशास्त्राचे दूरशिक्षणाने वा ऑनलाइन चालणारे अभ्यासक्रम बंद करण्यास आयोगाने विद्यापीठांना सांगितले. नोकरी सांभाळून घरबसल्या एम. ए. करू पाहणाऱ्या शिक्षकांनी हे विशेष ध्यानात घ्यावे.

थोरल्या भावाने किंवा ताईने चार वर्षांपूर्वी धरलेली वाट आज तशीच असेल असे समजू नये. वहीच्या एका पानावर शेवटी कोणते काम करायचे ते आधी लिहावे. मग त्याला लागणारी नोंदणी, तिच्यासाठीचा अभ्यासक्रम, त्याची प्रवेशपरीक्षा आणि तिची तारीख असे उलट क्रमाने मागे यावे. पदवीच्या दुसऱ्या वर्षी हे पान तयार असले, तर पात्रतेत जे कमी पडते ते भरून काढायला विद्यार्थ्याच्या हाती निदान एक वर्ष उरते.